विचारण्याची मुभा

नोकरीतल्या परिचारिकेने कोणी न सांगता, आपणहून शिकत राहावे अशी अपेक्षा अलीकडे वारंवार बोलून दाखविली जाते. औषधे बदलतात, यंत्रे बदलतात. अपेक्षा रास्तच आहे. अशा स्वाध्यायाची तयारी मोजण्यासाठी लुसी गुग्लिएल्मिनो या अमेरिकन विदुषीने १९७७ साली एक प्रश्नावलीच रचली आणि पुढे ती परिचारिकांनाही लावून पाहण्यात आली. आत्मविश्वास असेल तेथे ही तयारी असते, असे जाणकार म्हणतात. असेलही. माझा प्रश्न निराळा आहे. जिला दिवसभर आपण 'सांगितले तेवढे करा' म्हणतो, तिने रात्री मात्र स्वतंत्र बुद्धीने पुस्तक उघडावे, हे मागणे न्यायाचे आहे काय?

रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले आणि तेथल्या बायकांना परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी ससून रुग्णालयात धाडले. त्यांत विधवा होत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या रोग्याची घाण काढायची, हे पांढरपेशा घरांना त्या काळी सोसणारे नव्हते. आधी आत्मविश्वास आणि मग शिक्षण असा क्रम त्या बायकांनी धरला असता तर त्या माजघरातच राहिल्या असत्या. पाठीशी कोणीतरी उभे असावे लागते, हे रमाबाईंना ठाऊक होते. त्या स्वतः लग्नानंतर, घरातल्या बायकांचा रोष सोसून आणि पतीच्या आधाराने शिकल्या होत्या.

दुसरे उदाहरण आमच्या झाडीपट्टीतलेच. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या थोड्याशा शिकलेल्या बायकांना तान्ह्या बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे शिकविले. वेळ पडली तर इंजेक्शन देणेही. प्रयोग ३९ गावांत झाला. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले, असा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. या बायका परिचारिका नव्हत्या. पण शिकलेले वापरण्याचा अधिकार त्यांच्या हाती होता, आणि मला वाटते, त्यांचा धीर त्यातून वाढला.

यावर कोणी म्हणेल, दवाखाना म्हणजे वादसभा नव्हे. खरे आहे. माझ्या कादंबरीत एखादे पात्र चुकीने मेले तर फार तर वाचक रागावतात; वॉर्डातल्या चुकीला दुसरी आवृत्ती नसते. म्हणून शिस्त हवीच. परंतु हुकूम मोडणे वेगळे आणि 'डॉक्टरसाहेब, हा डोस जास्त तर नाही ना?' असे विचारणे वेगळे. जिचा हा प्रश्न दोनदा उडवून लावला, ती तिसऱ्यांदा विचारीत नाही, आणि मग त्या औषधाविषयी वाचीतही नाही. कशासाठी वाचावे? शाळेत मी हेच पाहतो. एकदा वर्गात हसे झालेले पोर उत्तर येत असूनही बोट वर करीत नाही, आणि आम्ही त्याला मठ्ठ ठरवितो.

शिवाय वेळ. आमच्या दिघोरीसारख्या खेड्यांतून फिरणाऱ्या नर्सबाईला लसीकरण आहे, गरोदर बायांच्या तपासण्या आहेत, रजिस्टरे आहेत. घरी गेल्यावर चूल आहे. सपाट मुलखात सरकारी मापाने पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र. तिचा स्वाध्याय व्हायचा तो झोपेतून वेळ कापूनच. ड्यूटीतलाच आठवड्याचा एक तास तिला अभ्यासाला द्यावा आणि तिची शंका रोग्याच्या केसपेपरवर लिहून घ्यावी. याला खर्च किती येईल, ते हिशेबनीसांनी सांगावे.