ओझे कोणाचे?

इच्छामरणाचा विषय निघाला की आपल्याकडे अरुणा शानबाग यांचे नाव हटकून येते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या तरुण परिचारिकेवर 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. मेंदूला झालेल्या इजेमुळे पुढची सुमारे 42 वर्षे, 18 मे 2015 रोजी प्राण जाईपर्यंत, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी फेटाळली. निकालपत्राचा आरंभ गालिबच्या शेराने होतो, मरणाची आस लागलेल्या माणसाचा शेर. पण निकाल फिरला तो शेरावर नव्हे, परिचारिकांवर. ज्यांनी वर्षानुवर्षे अरुणाताईंना भरवले, न्हाऊ घातले, कुशीवर वळवले, त्यांनीच सांगितले की आम्हांला हे ओझे वाटत नाही.

त्याच निकालाने उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. 2018 साली घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. इंजेक्शन टोचून मरण देणे मात्र आजही गुन्हा आहे. यंत्र काढणे वेगळे आणि प्राण घेणे वेगळे, हा भेद फिकहच्या जाणकारांनाही ठाऊक आहे. मेंदू पूर्ण मृत झाल्याचा डॉक्टरांचा निर्वाळा असेल तर यंत्रे काढता येतात, असा ठराव आंतरराष्ट्रीय इस्लामिक फिकह अकादमीने 1986 सालीच अम्मान येथे केला होता.

आमची अडचण इथे नाही. ज्याचे मरण जवळ आलेले नाही, फक्त शरीर साथ देत नाही, अशा माणसापाशी ती सुरू होते.

कॅनडात 2016 साली झालेला कायदा मृत्यू समोर दिसणाऱ्यांपुरता होता. मॉन्ट्रियलच्या जाँ त्रुशाँ यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती. कामाचा एकमेव हातही निकामी झाल्यावर त्यांना संस्थेत राहावे लागले. 2019 साली ते न्यायालयात जिंकले आणि मार्च 2021 मध्ये कायदाच बदलला. गंभीर, बरे न होणारे अपंगत्व असेल आणि यातना असह्य असतील, तर मृत्यू जवळ नसतानाही डॉक्टरांकडून मरण मागता येऊ लागले. तिथल्या अपंगांच्या संघटनांनी याला कडाडून विरोध केला. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग-हक्क समितीने 2025 साली ही तरतूद रद्द करण्याची शिफारस केली.

त्रुशाँ यांची मागणी विचारपूर्वक होती. त्यांच्या वेदनेचा निवाडा करणारे आम्ही कोण? पण धडधाकट माणूस जीव द्यायला निघाला तर आपण त्याचा हात धरतो. अपंग निघाला तर त्याच्यापुढे अर्ज सरकवायचा, हे आम्हांला पटत नाही. घरी मदतनीस मिळाला असता, राहण्याची सोय झाली असती, तर त्याने तेच मागितले असते का, हे आधी विचारायला नको?

आणि आपण? जिंदगी ही अल्लाहची अमानत आहे, एवढे म्हणून आपण चर्चा मिटवतो. श्रद्धा म्हणून ते आम्हांला मान्यच आहे. पण ही अमानत एकट्या आजाऱ्याने सांभाळायची काय? हजरत अय्यूब यांचा सब्र ऐकवायला दहा जण येतात. रात्री दोन वाजता कूस बदलायला घरची आई, बहीण नाहीतर सून असते. तिच्या सब्रचे बयान आम्ही तरी अजून ऐकलेले नाही. निराधार योजनेच्या कागदांसाठी तहसील कचेरीचे हेलपाटेही तीच घालते.

हजरत इब्ने उम्मे मक्तूम अंध होते. पैगंबरांनी त्यांना मुअज्जिन नेमले, स्वतः बाहेरगावी असताना मदीनेची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. दया दाखवून कोपऱ्यात बसवले नाही. आज त्यांच्यासारखा एखादा, किंवा चाकाच्या खुर्चीतला कुणी, जुम्म्याला आला तर? आमच्या पाहण्यातल्या बहुतेक मशिदींत रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या आहेत आणि वुजूखाना निसरडा. चौघे त्याला खुर्चीसकट उचलून आत नेतात, मोठ्या प्रेमाने नेतात. तो मात्र दुसऱ्या जुम्म्याला येत नाही. ट्रस्टच्या सभेत नव्या झुंबराचा खर्च मंजूर होतो. उताराचा विषय निघालाच, तर जागा नाही म्हणून पुढच्या सभेवर जातो.