गोखरूचा काटा

आजचं वाचन गीतेच्या १७व्या अध्यायातला १५वा श्लोक, वाणीचं तप. बोलणं कुणाला उद्विग्न न करणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असावं, असं भगवंत सांगतात.

रविवारी वेताळ टेकडीवर चपलेतून काटा थेट टाचेत घुसला. गोखरू. राजस्थानच्या वाळवंटापासून आपल्या माळरानापर्यंत कुठेही उगवणारं, जमिनीला चिकटून पसरणारं झुडपासारखं तण. फूल इवलंसं, पिवळं, पाच पाकळ्यांचं, सुंदरच म्हणायचं. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येकाला दोन मोठे काटे, दोन लहान. कसंही पडलं तरी एखादा काटा वर असतोच.

काटा काढताना ऑफिसमधला एक ज्युनिअर आठवला. त्याच्या कोडवर मी सगळ्या टीमसमोर, मॅनेजरला टॅग करून लिहिलं होतं, "हे बेसिकसुद्धा येत नाही का?" चूक खरंच होती. 'मी खरं तेच बोललो,' हे मी कित्येक महिने स्वतःला ऐकवत होतो.

पण श्लोकात चार अटी आहेत, मी एकच पाळली. मग वाटतं, सगळ्यांना गोड वाटेल असंच बोलायचं तर बग थेट प्रॉडक्शनला जाणार! तसंही नाहीये. गोखरू दशमुळांपैकी एक आहे, वैद्य त्याचा काढा देतात. तोही काही सरबतासारखा लागत नाही. पण ते औषध कुणी टाचेत टोचून देत नाही ना!

आणि काटा तरी कशासाठी असतो? चालणाऱ्याच्या भल्यासाठी नाही. कुणाच्या तरी पायाला, खुराला, टायरला चिकटून आपलं बी लांब न्यायचं, एवढाच त्याचा उद्योग. गोखरूला दोष नाही, त्याला दुसरा मार्गच नाही. मला होता. बाजूला बोलावून पाच मिनिटांत सांगता आलं असतं. चूक दुरुस्त व्हावी म्हणून मॅनेजरला टॅग करायची गरज नव्हती, ती माझी हुशारी दिसावी म्हणून होती. पाय त्याचा, बी माझं.

तो पुढे दुसऱ्या टीममध्ये गेला. काल रात्री त्याला मेसेज लिहिला. तीनदा खोडला, कारण प्रत्येक वेळी 'पण चूक तर होतीच' हे वाक्य मध्ये येत होतं. शेवटी ते काढून पाठवला.

निळ्या टिका दिसतायत. उत्तर अजून नाही.

जय हरी.