पात्र, अपात्र आणि बी.एड.

पात्र हा शब्द मोठा गमतीचा आहे. पात्र म्हणजे भांडं आणि पात्र म्हणजे लायक. आपल्या बापजाद्यांचं पात्र वेगळं असायचं, पडवीच्या टोकाला, उपडं घातलेलं. आणि आपण अपात्र. दोन्ही अर्थांनी मार एकालाच. १९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागले. कोलंबियाहून शिकून आलेला माणूस. तरी तिथल्या काही प्राध्यापकांना त्यांनी पाण्याच्या भांड्याला हात लावलेला खपला नाही. म्हणजे कागद पक्का होता, पात्रता पुरी होती, पाण्याचं पात्र तेवढं बाटत होतं.

हे आज काढायचं कारण असं, की आपल्या पोरांत सध्या एक वाद पेटलाय. हायस्कूलचा मास्तर व्हायचं तर पदवीनंतर विद्यापीठाचं बी.एड. लागतं. ते आपण घ्यावं का? का तो कागद म्हणजे प्रस्थापितांनी दारात उभा केलेला नवा पहारेकरी आहे? आणि ज्याच्याकडं तो कागद नाही त्याला शिकवण्याचा अधिकार आहे की नाही? शेवटचा प्रश्न माझ्या अंगाला चिकटलेला आहे. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालो, पाळ्या सांभाळत, पुस्तकं डब्याच्या पिशवीत कोंबून. संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर नववी-दहावीची पोरं घेऊन बसतो. पोरं मला सर म्हणतात. कायद्यानं मी कोणाचाच सर नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण आपले निम्मे वाद माहिती नसल्यानंच तापतात. खाजगी शाळांसाठी १९७७ चा कायदा आहे आणि त्याखाली १९८१ चे नियम. कोणत्या पदाला कोणती पदवी, ते त्यात लिहिलंय. माध्यमिकला पदवी आणि वर शिक्षणशास्त्राची पदवी, ही मुख्य वाट. पूर्वी बी.एड. एका वर्षाचं होतं. २०१४ च्या नियमांनी ते दोन वर्षांचं केलं आणि २०१५ पासून तसं चालू झालं. वर्गातली हजेरी ८० टक्के पाहिजे, शाळेतल्या छात्रसेवाकालाची ९० टक्के, आणि तो काळ वीस आठवड्यांचा. मुक्त विद्यापीठाचं बी.एड. आहे, पण ते आधीच मास्तर असलेल्यांसाठी. साच्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी नाही. म्हणजे मला मास्तर व्हायचं तर दोन वर्षं गिरणी सोडायची. शिष्यवृत्ती फी भरेल. घराचं भाडं, आईच्या गोळ्या, बहिणीची कॉलेजची बस कोण भरणार? नियमात त्याचा रकाना नाही.

आता आपल्यातले कवी काय म्हणतात ते घ्या. (मीही कवी आहे, म्हणून हक्कानं बोलतो.) ते म्हणतात, जाळा तो कागद. जोतीराव-सावित्रीमाईंनी १८४८ साली शाळा काढली तेव्हा कोणतं बी.एड. केलं होतं? ऐकायला झकास वाटतं, टाळ्याही पडतात. पण दोस्तांनो, हे अर्धवट आहे. सावित्रीमाईंनी शिक्षिकेचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. आणि १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी जे निवेदन दिलं ते वाचा. प्राथमिक शाळांतले बहुतेक मास्तर ब्राह्मण आहेत, त्यातले थोडेच प्रशिक्षण घेतलेले आहेत आणि पगार हलका आहे, अशी त्यांची तक्रार होती. शेतकरी वर्गातली माणसं प्रशिक्षण देऊन मास्तर करा, ही त्यांची मागणी होती. प्रशिक्षण मोडीत काढा असं ते म्हणाले नाहीत. ते आमच्या माणसाला द्या म्हणाले. ह्या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कागद नसताना काय होतं, हे गिरणीच्या इतिहासानं दाखवलंय. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार जास्त. तिथं आपल्या माणसांना घेत नसत. कारण काय तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि महाराची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. आता बघा, विणकराच्या कामाला कुठलं सर्टिफिकेट लागत होतं? काहीच नाही. खात्यात जाऊन शेजारच्याचं बघून हात बसायचा. पण खात्यातच पाय टाकू दिला नाही, मग हात बसणार कसा? आणि पुन्हा बोलायला मोकळे, की ह्या लोकांना विणाई येत नाही. जिथं लेखी अट नसते तिथं न लिहिलेली अट असते. आणि न लिहिलेली अट नेहमी आपल्यालाच लागू होते.

म्हणून मी कागदाच्या बाजूचा आहे. लेखी पात्रतेत एक लोकशाही आहे. पन्नास टक्के म्हणजे पन्नास टक्के, आपल्याला पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस. ते मिळवले की कोणाच्या बापाला नाही म्हणता येत नाही. २०१७ पासून राज्यात मास्तरभरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आलं. दोनशे प्रश्न, एकशेवीस मिनिटं. आपले विद्वान नाकं मुरडतात, की संगणकासमोर बसून काय शिक्षक कळतो? नाही कळत. पण संगणकाला आडनावही कळत नाही. एवढ्या एका गुणासाठी मी त्याला दहा गुन्हे माफ करतो.

माझा एक जुना दोस्त बी.एड. झाला तेव्हा त्याच्या वह्या मी मागून घेतल्या आणि तिसऱ्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीत वाचल्या. सूक्ष्म अध्यापन, सेतुपाठ, पाठ टाचण, फलकलेखन कौशल्य, चेतक बदल कौशल्य. हे चेतक बदल काय प्रकरण आहे म्हणून मी घाबरलो होतो. तर एका सुरात बरळू नको, हात हलव, जागा बदल, मध्येच गप्प हो, एवढाच त्याचा अर्थ. आमचे शाहीर हे तीन पिढ्या करतायत. पण हसण्यावारी नेऊ नका. त्या वह्यांत प्रश्न कसा विचारावा यावर एक भाग होता. प्रश्न आधी सगळ्या वर्गाला विचारायचा, थांबायचं, मग एकाचं नाव घ्यायचं. मी ओट्यावर तसं करून बघितलं. जी पोरगी महिनाभर तोंड उघडत नव्हती ती विचार करताना दिसायला लागली, कारण नाव कोणाचं येईल ते माहीत नव्हतं. तेव्हा हे शास्त्र आहे. नुसत्या कळवळ्यानं शिकवता येत नाही. आपल्या पोरांना कळवळ्याचे मास्तर पुष्कळ भेटलेत, ज्यांना अपूर्णांक समजावता येत नव्हते.

आता अवघड भाग. ह्या सगळ्या कागदात एक गोष्ट मोजली जात नाही. शेवटच्या बाकावरच्या पोराची वही मास्तर उघडतो का? 'न' आणि 'ण' मध्ये गोंधळलेल्या पोराला तो हसतो का? १८५५ साली जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं, मांगाच्या चौदा वर्षांच्या मुलीनं, महारामांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदयात छापून आला. एवढ्या लहान पोरीला असं सरळ विचारायचं धाडस ज्या वर्गात आलं, तो वर्ग कोणत्या चाचणीत मोजणार? खरा मास्तर तिथंच आहे, आणि तिथंच मापपट्टी थकते.

मग आपल्यातले काही भले लोक म्हणतात, नुसता कागद बघू नका, माणूस बघा, वृत्ती बघा, व्यक्तिमत्त्व बघा. इथं मी दचकतो. कारण हेच शब्द मुलाखतीच्या टेबलामागून येतात. व्यक्तिमत्त्व. संस्कार. उच्चार. संस्थेत मिसळून जाईल का? विणाई खात्याची न लिहिलेली अट साडी-चोळी नेसून परत येते ती ह्याच दारानं. म्हणजे पेच असा आहे: मास्तरमधलं जे सर्वांत मोलाचं आहे ते मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्याच्याच आडून जात लपून बसते. ह्यातून बाहेर कसं पडायचं?

मी असा विचार करतो. दारातून आत घेताना मोजता येतं तेवढंच मोजायचं, त्यात बाकीचं मिसळू द्यायचं नाही. वृत्तीचा हिशेब आत गेल्यावर मागायचा, आणि तो संस्थाचालकानं नाही, पोरांच्या आईबापांनी मागायचा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात त्याला जागा आहे. आठवीपर्यंतच्या सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक असायला पाहिजेत. आपल्या किती बायांना माहीत आहे, की आपण त्या समितीवर आहोत? मी विचारत फिरलो. एक मावशी म्हणाली, "सही घेतली हुती बाबा, कशाची त्ये न्हाई सांगितलं." जाब विचारायची खुर्ची आपल्याकडं आहे आणि आपण तिच्यावर न बसता व्याख्यानं देत हिंडतो.

माझ्या त्या दोस्ताची गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण नैतिक प्रश्न म्हणतात तो तिथं नागडा उभा राहतो. एम.ए., बी.एड. झाल्यावर तो एका विनाअनुदानित शाळेत लागला. विनाअनुदानित म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळत नाही. 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' शब्द २००९ साली गेला, वीस टक्के अनुदान २०१६ पासून सुरू झालं. त्या आशेवर राज्यात हजारो मास्तरांनी वर्षानुवर्षं फुकट किंवा चहापाण्याच्या पैशावर शिकवलं. दोस्तही त्यातलाच. सकाळी शाळा, रात्री हमाली. मग एक दिवस संस्थेचा माणूस म्हणाला, राखीव जागा पक्की करून देतो, पण देणगी लागेल. आकडा ऐकून घरात दोन दिवस चूल थंड.

तो मला म्हणाला, "घ्यायची ती त्यांनी घेतली, पाप त्यांचं. मी मेरिटचा आहे. माझ्या लायकीची जागा मी विकत सोडवून घेतोय, चोरी कुठं केली?"

मी पुष्कळ विचार केला. घेणारा आणि देणारा एका तराजूत बसत नाहीत, हे खरं. गळा धरलेला माणूस खिसा रिकामा करतो त्याला आपण भ्रष्ट म्हणत नाही. सरकारचं नुकसान म्हणाल तर सरकारनं आपलं काय केलंय. पण ह्या व्यवहारात एक तिसरा माणूस आहे. जागा राखीव आहे. म्हणजे दोस्तानं पैसे भरले तर जो बाहेर राहील तो कोणी देशपांडे-पाटील नाही, आपलाच असेल. तोही बी.एड., तोही मेरिटचा, फक्त त्याच्याकडं विकायला दीड एकर नाही. संस्थेनं चलाखी अशी केली, की बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या जागेचा लिलाव आपल्याआपल्यातच लावला. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "तो तिसरा मला दिसत नाही रे." दिसणार कसा? तो कुठल्या तरी साच्यावर उभा असेल. शेवटी त्यानं पैसे भरले नाहीत. थोर विचारानं नव्हे; जमीन चुलत्याच्या नावावर होती, सही झाली नाही. आज तो तासिका तत्त्वावर आहे. मी त्याला हुतात्मा करत नाही, तोही होऊ देत नाही.

परीक्षेतही हेच झालं. २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं उघड झालं आणि २०२२ साली साडेसात हजारांवर उमेदवारांवर कारवाई झाली. तिथंही प्रत्येक वाढवलेल्या गुणामागं एक न दिसणारा तिसरा होता, रात्री जागून अभ्यास केलेला. आपली पोरं त्या बातमीवर सिस्टीमला शिव्या देऊन मोकळी झाली. त्या यादीत आपलीही नावं असतील का, हे कोणी विचारलं नाही.

आमच्या वस्तीत आता एक गोष्ट चालू आहे. दहा कामगारांनी दरमहा थोडे पैसे टाकायचे आणि एकाला दोन वर्षं गिरणीतून सोडवून बी.एड.ला पाठवायचं. मी नाही, माझ्याहून गणित चांगलं असणारी एक पोरगी आहे, पॅकिंगला काम करते, बी.एस्सी. झालेली. बैठकीत आमचा जॉबर म्हणाला, "आन् मास्तरीण झाल्यावर फ्लॅटात ऱ्हायला गेली म्हंजे?" सगळे गप्प. १९५६ साली आग्र्याला बाबासाहेब शिकलेल्या लोकांबद्दल काय बोलले ते सगळ्यांना पाठ आहे, म्हणून गप्प. माझं मत वेगळं पडलं. मी म्हणालो, जाऊ दे फ्लॅटात. गळक्या पत्र्याखाली राहणं ही काही चळवळीची फी नाही. तिचं देणं एवढंच, की शाळेच्या वेळेत तिनं शेवटच्या बाकापर्यंत चालत जावं, आणि नाही गेली तर समितीवरच्या मावशीनं तिला सगळ्यांसमोर विचारावं. जॉबरला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, लिहून घ्या. मी म्हणालो, हे लिहून घेता येत नाही, हाच तर वाद आहे.

दहापैकी सहा जणांनी पहिल्या महिन्याचे पैसे दिलेत. जॉबरनंही दिलेत, कुरकुरत. प्रवेश परीक्षेचा अर्ज निघायच्या आत चार माणसं हवी आहेत.