'माहीत नाही' असे उत्तर आले तर

मी पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो तेथील एक भगिनी एका रविवारी मिस्सानंतर थांबल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्ट होता. त्यांची आई बेचाळिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने वारली. मावशीलाही तोच आजार झाला. त्या उपचारांनी बऱ्या झाल्या. म्हणून डॉक्टरांनी यांची जनुक-तपासणी केली. रिपोर्टात 'व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स' असे लिहिले होते, म्हणजे बदल आहे पण त्याचा अर्थ निश्चित नाही. "फादर, म्हणजे मला धोका आहे की नाही? आणि धाकटीचे लग्न ठरले आहे, तिला सांगू का? तिच्या सासरी सांगावे लागेल का?" त्यांच्या परवानगीने हे लिहीत आहे.

आधी थोडे विज्ञान, कारण ते नीट कळल्याशिवाय नीतीचा प्रश्न सुटत नाही. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके आपणा सर्वांच्या शरीरात असतात. पेशीतील डीएनए तुटला की तो सांधण्याचे काम ती करतात. त्यांत घातक बिघाड असला तर स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो, आणि तो बिघाड प्रत्येक मुलाकडे, मुलगा असो वा मुलगी, जाण्याची शक्यता निम्मी असते. परंतु प्रत्येक बदल म्हणजे बिघाड नव्हे. 'आणि'ऐवजी कोणी 'आणी' लिहिले तर वाचणाऱ्याचे काही अडत नाही. 'काळ'चा 'कळ' झाला तर अर्थच बदलतो. जनुकातील बदल यांपैकी कोणता, हे पुष्कळदा अजून ठाऊक नसते. २०१५ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी यासाठी पाच वर्ग ठरवले: घातक, बहुधा घातक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. या भगिनींचा बदल मधल्या वर्गात होता. या वर्गातील ज्या बदलांचा पुढे उलगडा होतो, त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवीच ठरतात. आपल्या लोकांना असे अनिश्चित उत्तर अधिक वेळा मिळते, कारण आजवर जमलेली माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. यात आपला काही दोष नाही!

आता मूळ प्रश्न. घाबरलेले मन 'माहीत नाही' हे उत्तर स्वीकारत नाही. ते त्याचे लगेच 'आहे' करते, नाहीतर 'नाही' करते. कोणी अंडाशय काढून टाकायला निघते, तर कोणी "सगळे क्लिअर आले" म्हणून नेहमीची तपासणीही सोडते. पोप बारावे पायस १९५३ साली मूत्रविकारतज्ज्ञांपुढे निरोगी अवयव काढण्याविषयी बोलले होते. असा अवयव काढता येतो, असे त्यांनी मान्य केले. पण त्यामुळे संपूर्ण शरीराला गंभीर अपाय किंवा धोका असला पाहिजे, तो दुसऱ्या उपायाने टळणारा नसावा, आणि होणारे हित नुकसानीपेक्षा मोठे असावे. घातक बदल सिद्ध झालेल्या स्त्रीने डॉक्टरांच्या सल्ल्याने शस्त्रक्रिया केली तर तिला कोणी नावे ठेवू नयेत. पण केवळ अनिश्चित बदलाच्या आधारावर पहिलीच अट पूर्ण होत नाही. डॉक्टरही हेच सांगतात: निर्णय आई-मावशीच्या आजारावरून घ्यावा, या कागदावरून नव्हे.

बहिणीला सांगावे का? माझ्या मते, सांगावे. आईचा आजार तिला ठाऊक आहेच. त्यामुळे स्तनांची तपासणी लवकर सुरू करावी, हे तिला कळणे तिचा हक्क आहे. रिपोर्टही सांगावा, पण रिपोर्टात आहे त्याच शब्दांत. 'आमच्या रक्तात दोष आहे' म्हणणे ही आठव्या आज्ञेने निषिद्ध केलेली खोटी साक्षच, मग ती आपल्याच घराविरुद्ध का असेना. 'काहीच नाही' म्हणणेही तसेच. सासरी काय सांगायचे, हे धाकटीने ठरवावे. आईचा आजार लपवू नये. पण ज्याचा अर्थ प्रयोगशाळेलाही लागलेला नाही, तो सोयरिकीत मांडण्याचे बंधन मला दिसत नाही. (लग्न जमवताना आपण किती अफवा बिनदिक्कत पुढे सरकवतो, हा वेगळा लेखाचा विषय आहे.)

प्रभूच्या निदणाच्या दाखल्यातील चाकर वाईट नव्हते. त्यांना शेत स्वच्छच करायचे होते. पण कोवळेपणी दोन्ही रोपे सारखीच दिसतात, आणि भाताच्या खाचरात उभे राहिलेल्या आपल्या लोकांना हे मी काय सांगावे? धन्याने त्यांना थांबवले. मात्र शेत सोडून जा, असे सांगितले नाही.

थांबण्यातही करण्यासारखे असते. त्या भगिनींच्या मावशीने स्वखुशीने रक्त दिले. कोणी बळजबरी केली नव्हती, हे महत्त्वाचे. मावशीत तो बदल सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, "संशय थोडा कमी झाला, संपला नाही." धाकटीचे लग्न ठरल्याप्रमाणे झाले. दोघी बहिणी आता तपासणीला बरोबर जातात, आणि थोरली दर वर्षी प्रयोगशाळेला विचारते, "आमच्या बदलाचा अर्थ लागला का?"