उत्तर आणि कारण

'पर्वतावर अग्नी आहे' एवढे म्हणून नैयायिकांचे समाधान होत नसे. दुसऱ्याला ते पटवायचे, तर 'कारण तेथे धूर आहे' हा हेतू सांगावा लागे आणि जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती स्वयंपाकघराच्या दृष्टान्तासह पुढे ठेवावी लागे. डोंगरावर खरोखरच वणवा पेटलेला असला, तरी हेतू न देणाऱ्याचे विधान मान्य करण्याचे बंधन श्रोत्यावर नव्हते. हा आग्रह केवळ वादसभेतील शिष्टाचाराचा भाग होता, असे वरवर वाटते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रांना निर्णय करायला शिकवू लागलेल्या अभियंत्यांपुढे मात्र तो अगदी व्यवहाराचा प्रश्न होऊन उभा राहिला.

अभियांत्रिकीच्या अनेक अभ्यासक्रमांत एक्स्पर्ट सिस्टिम, न्यूरल नेटवर्क आणि फझी लॉजिक, म्हणजेच तज्ज्ञ-प्रणाली, चेताजाळे आणि धूसर तर्क, यांची मोट एकत्र बांधलेली असते. विद्यार्थी तिन्हींची सूत्रे शिकतो, उदाहरणे सोडवतो. कारण सांगण्याशी या तिघांचे नाते किती वेगवेगळे आहे, हे त्याला सहसा कोणी विचारत नाही.

तज्ज्ञ-प्रणाली ही यांतली जणू नैयायिकांची शिष्या. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७०च्या दशकात एडवर्ड शॉर्टलिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मायसिन' ही प्रणाली रचली. रक्तातील जंतुसंसर्ग आणि मेंदूज्वर यांवर कोणते प्रतिजैविक द्यावे, याचा सल्ला ती काहीशे नियमांच्या आधारे देई. 'अमुक लक्षणे असतील, तर तमुक जंतूचा संशय इतक्या प्रमाणात धरावा', असे त्या नियमांचे स्वरूप होते. तिला मध्येच अडवून 'हे का विचारतेस?' असे म्हणता येई, निष्कर्षानंतर 'हे कसे ठरवलेस?' असेही म्हणता येई. आणि ती आपले नियम एकेक करून उलगडून दाखवी. १९७९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात, तिचा सल्ला कोणाचा आहे हे न कळवता तज्ज्ञांपुढे ठेवला गेला, तेव्हा तो विद्यापीठातील वैद्यांच्या तोडीचा ठरला. तरीही मायसिन प्रत्यक्ष रुग्णसेवेत कधी रुजू झाली नाही. सल्ला चुकला तर उत्तरदायी कोण, हाही तिच्या वाटेतला एक अडसर होता. कारण सांगता येणे आणि जबाबदारी घेणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्या वेळीच दिसून आले होते.

धूसर तर्काचा जन्म निराळ्या अस्वस्थतेतून झाला. बर्कलीचे लोत्फी झादे यांनी १९६५मध्ये असे मांडले की, 'उंच', 'गरम', 'थोडेसे जास्त' या शब्दांना कडेकोट सीमा नसतात. एखादी वस्तू त्यांच्या कक्षेत शून्य ते एक यांमधील कोणत्याही प्रमाणात असू शकते. पुढे लंडनमध्ये इब्राहिम ममदानी यांनी एका छोट्या वाफेच्या इंजिनावर ही कल्पना चालवून दाखवली, आणि डेन्मार्कच्या एफ. एल. स्मिथ या कंपनीच्या अभियंत्यांनी ती सिमेंटच्या भट्टीवर आणली. ही भट्टी म्हणजे संथपणे फिरणारी लांबलचक नळी. आतील माल सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. ती चालवणारा कामगार गडद काचेतून ज्वाळेचा रंग पाहतो, नळी फिरवणाऱ्या यंत्रावर किती भार येतो आहे ते बघतो, धुरातील प्राणवायूचे प्रमाण पाहतो आणि इंधन थोडे वाढवतो किंवा कमी करतो. त्याच्या कौशल्याचे गणिती समीकरण कोणालाच धड मांडता येत नव्हते. अभियंत्यांनी ते मांडलेही नाही. भट्टीवाल्यांच्या नियमांतील 'जरा' आणि 'बरेच' हे शब्दच त्यांनी यंत्राला दिले. कामगाराची भाषा जशीच्या तशी शास्त्राच्या घरात आली, असे प्रसंग अभियांत्रिकीच्या इतिहासात विरळाच.

पण त्या कामगाराला सारेच सांगता येत होते काय? ज्वाळा 'बिघडते आहे' हे त्याला दिसे. का दिसे, हे तो पुरते सांगू शकत नसे. नाडी पाहणारा वैद्य आणि बोटांनी माती ओळखणारा कुंभार हेही त्याचेच सगोत्र. तेव्हा चेताजाळ्याचा कैवारी विचारतो : माणसाचे मुके ज्ञान तुम्हांला चालते, मग जाळ्याचेच मौन का खुपते? जाळ्यात नियम नसतात. सहस्रावधी उदाहरणे पाहून आतील जोडण्यांची बले बदलत जातात आणि शेवटी उरतो तो केवळ आकड्यांचा संभार. तो बरोबर उत्तर देत असेल, तर आणखी काय हवे?

आक्षेप बिनतोड वाटतो, पण तसा तो नाही. भट्टीवाला आपण लावलेल्या आगीसमोर स्वतः उभा असतो. न्यायभाष्यात आप्ताची दोन लक्षणे मानली आहेत : वस्तू त्याने साक्षात जाणलेली असते, आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याला इच्छा असते. जाळ्याने पुष्कळ पाहिलेले असते, हे खरे. पण सांगण्याची इच्छा त्याला नाही, आणि जे पाहिले ते वस्तूचेच रूप होते की तिच्यासोबत आलेल्या दुसऱ्याच कशाचे, हेही त्याला ठाऊक नसते.

याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. १९९०च्या दशकात न्यूमोनियाच्या चौदा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर अनेक संगणकीय पद्धती शिकवून पाहण्यात आल्या. कोणता रुग्ण दगावण्याचा धोका मोठा आहे हे ओळखावे, त्याला रुग्णालयात ठेवावे, इतरांवर घरी उपचार करावेत, असा उद्देश होता. अचूकतेत चेताजाळे सरस ठरले. त्याच माहितीवर बसलेल्या एका नियमाधारित पद्धतीने मात्र एक विचित्र नियम काढला : दम्याच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला, तर त्याला धोका कमी. वैद्यकाच्या दृष्टीने हे अगदी उलटे होते. शोध घेता उलगडा झाला. दमेकऱ्यांना थेट अतिदक्षता विभागात नेले जाई, आणि त्या शुश्रूषेमुळेच ते वाचत. माहिती खरी होती, आकडेही खरे होते. व्याप्ती मात्र खोटी होती. न्यायशास्त्रात याला 'उपाधी' असे नाव आहे. अग्नी तेथे धूर असे म्हणावे, तर तप्त लोहगोलात अग्नी असूनही धूर नसतो. धूर निघतो तो ओल्या इंधनामुळे. येथील ओले इंधन म्हणजे अतिदक्षता विभाग.

नियमाधारित पद्धतीची चूक दिसली, कारण तिने ती शब्दांत मांडली होती. जाळे त्याच नोंदींवर शिकलेले होते. त्याची अचूकता अधिक असूनही संशोधकांनी ते रुग्णांसाठी वापरायचे नाही, असे ठरवले. अचूकतेच्या भक्ताला हा निर्णय भित्रेपणाचा वाटेल. पण ज्या दमेकऱ्याला यंत्राच्या सल्ल्याने घरी पाठवले गेले असते, त्याच्या बाजूने पाहिले, तर येथे कारण मागणे ही बौद्धिक चैन नव्हती. त्याच्या हाती दुसरे कोणतेच संरक्षण नव्हते.

आता परिस्थिती आणखी अवघड झाली आहे. आजची भाषा बोलणारी महाकाय जाळी विचारल्याबरोबर कारणही सांगतात, तेही सुघड वाक्यांत. मात्र सांगितलेले कारण आणि निर्णय ज्यातून आला ते कारण, ही दोन्ही एकच असतील याची हमी नसते. निर्णय आधी आणि समर्थन मागाहून ही सवय माणसालाही आहे, एवढेच म्हणून ती यंत्राला माफ करणे सोपे आहे. परंतु मायसिनच्या 'कसे'ला मिळणारे उत्तर तिच्या निर्णयाचाच माग असे, हा फरक त्याने पुसला जात नाही.

न्यूमोनियाच्या त्या नोंदींकडे रिच कॅरुआना आणि त्यांचे सहकारी पुन्हा वळले. २०१५मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधातील पद्धत पुरेशी अचूक होती आणि प्रत्येक घटकाचा वाटा उघड दाखवणारी होती. दमा तेथे पुन्हा दिसलाच. त्याच्या जोडीला दीर्घकालीन फुफ्फुसविकार आणि पूर्वी छातीत दुखल्याची नोंद, हीदेखील धोका कमी करणारी लक्षणे म्हणून पुढे आली. या दोहोंविषयी पूर्वी कोणाला शंका आली नव्हती.