सस्पेन्स खात्यातली दयाबेन

मुख्य माणूस गेल्यावर विनोदी मालिका जगते का, हा प्रश्न आमच्याकडे जेवताना निघतो. कारण आम्ही 'तारक मेहता का उल्टा चश्मा' पाहतच जेवतो. ही मालिका २००८ सालची. २०१७ मध्ये दयाबेन झालेल्या दिशा वाकाणी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्या गेल्याच. मालिकेत मात्र दया माहेरी, अहमदाबादला! एवढे लांब माहेरपण आमच्या हिला कधी सुचले नाही, हे माझे नशीब. (चांगले की वाईट, ते विचारू नका.)

टप्पू दोनदा बदलला, २०२२ मध्ये खुद्द तारक मेहताही बदलले. लोकांनी चालवून घेतले. मालिका चार हजार भागांपलीकडे गेली. म्हणजे जगली की! पण दयाची जागा वर्षानुवर्षे कुणाला दिली नाही, आणि 'येतेय, येतेय' म्हणून आम्हाला झुलवले. बँकेत ज्या रकमेचे काय करायचे ते कळत नाही, ती सस्पेन्स खात्यात टाकतात, तसे. ऑडिटर याला लबाडी म्हणेल. मीही म्हणत असे.

मग टायफॉइडने मी महिनाभर घरी बसलो. परतलो तर माझ्या काउंटरची रांग पूर्वीपेक्षा भराभर सरकत होती!

"तुम्ही रजेवर होता होय?" एका खातेदाराने विचारले.

तेव्हापासून मला दयाबेनचा हेवा वाटतो.

परवा ही म्हणाली, "अहो, रेशनकार्डावरून आईंचं नाव कमी करायचं राहिलंय. चार वर्षं झाली."

"त्यांच्या नावावर आपण काही घेत नाही ना? मग राहू दे की."

ही काही बोलली नाही. तिने भात वाढला.