व्यसनात दोष कुणाचा?

नागपुरात कुठल्याही पानठेल्यावर खर्रा घोटला जातो: सुपारी, तंबाखू, चुना. खाणाऱ्याला आपण सहज सांगतो, "मनावर घे, सुटेल." कोकेनच्या बातमीतल्या मुलाबद्दलही आपलं मत तेच, फक्त तिरस्कार जास्त. पण हे 'मन' त्या क्षणी कितपत त्याच्या हातात असतं?

मेंदूतल्या पेशी डोपामाइन सोडतात आणि काम झालं की परत ओढून घेतात. कोकेन ही परतीची वाट अडवतं, डोपामाइन साचत जातं. पण खरी मेख वेगात आहे. अँडीज पर्वतातले लोक हजारो वर्षं कोकाची पानं चघळत आलेत. त्यात तेच द्रव्य आहे, पण ते रक्तात हळू चढतं. पूड नाकातून ओढली तर काही मिनिटांत, धूर घेतला तर काही सेकंदांत ते मेंदूत पोचतं. चढ जितका झटपट, तितकी ओढ घट्ट. आणि उतारही लवकर, म्हणून पुन्हा हवं. निकोटिनचंही तसंच. सिगारेट सुटता सुटत नाही, पण तेच निकोटिन दिवसभर संथ सोडणाऱ्या पट्टीचं व्यसन क्वचितच लागतं. खर्ऱ्यातला चुना निकोटिन गालातून लवकर शोषलं जायला मदत करतो.

पुढे मेंदू शिकतो. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की रस मिळण्याची खूण ओळखीची झाली की डोपामाइनच्या पेशी रसाऐवजी त्या खुणेलाच उसळतात. म्हणजे ठेला दिसला, की तंबाखू तोंडात जायच्या आधीच ओढ सुरू.

मग दोष कुणाचाच नाही? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन हेच विचारतो: इच्छा नसताना माणूस कुणाच्या जोरावर पाप करतो? प्रश्न जुना आहे. पण पुण्याच्या मुक्तांगणमधून 1986 पासून कितीतरी माणसं व्यसनातून बाहेर पडली आहेत, हेही खरं.

मला वाटतं, जबाबदारीलाही वेळ असते. तलफेच्या क्षणी माणसाकडे स्वातंत्र्य फार थोडं उरतं. सकाळी, डोकं शांत असताना, ते जास्त असतं: रस्ता बदलण्याचं, पैसे बहिणीकडे ठेवायला देण्याचं, डॉक्टरकडे जाण्याचं. आपला 1985 चा अमली पदार्थ कायदाही सेवनाला शिक्षा सांगतो, आणि स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला कलम 64अ खाली खटल्यातून सूटही देतो.

तेव्हा "मनावर घे" हे तलफेच्या वेळी सुनावण्यात अर्थ नाही. सकाळी म्हणा, "चल, मी येतो सोबत." दोष देण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण यात थोडी जबाबदारी आपल्यावरही येते.